पाऊण मिनिटाचं पोट

नगरपालिकेच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्या काकांना सगळे 'दमदार' म्हणत. बँडच्या जुन्या सलामीच्या धूनमध्ये मधोमध एक लांबलचक सूर होता. बाकीची वाद्यं थांबत आणि दमदार तो एकटे, एका श्वासात, ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरेपर्यंत ओढत. हा दम राहायचा पोटात, आणि पोटही त्याला साजेसं ऐसपैस होतं.

ते पोटच एक दिवस आडवं आलं. पालिकेने बँडला नवे, अंगाबरोबर बसणारे कोट शिवले. दमदारांच्या कोटाची खालची बटणं पहिल्याच संचलनात तुटून उडाली आणि त्यातलं एक पुढच्या ढोलावर जाऊन वाजलं. बँडमास्तर एकेकाळी दमदारांच्याच हाताखाली शिकलेला. मान खाली घालून तो म्हणाला, "काका, वरून हुकूम आलाय. कोट बसला नाही तर तुम्हाला वाद्यांच्या खोलीत बसवावं लागेल. चाव्या सांभाळायला. त्यापेक्षा वजन उतरवायच्या दवाखान्यात नाव घाला. खर्च पालिकेचा."

वाद्यं सांभाळायची आणि वाजवायची नाहीत, हे ऐकून दमदारांच्या पोटात गोळाच आला. पोट मोठं, त्यामुळे गोळाही तसाच.

त्या दवाखान्यात वजनकाटा नव्हता. काट्याने माणूस खचतो, असं डॉक्टरबाईंचं मत. पूर्वी काटा होता तेव्हा पेशंट त्यावरून उतरून थेट समोरच्या बेकरीत जात. आता आतल्या खोलीत एक फिरती चकती होती. घट्ट कपड्यांत तिच्यावर उभं राहायचं, हात अंगापासून लांब धरायचे. चकती पाऊण मिनिटात एक फेरी घेई, खांबावरचे कॅमेरे चहूबाजूंनी अंग टिपत, आणि पडद्यावर राखाडी, बिनचेहऱ्याची, पण मानेखाली अगदी आपलीच मूर्ती उभी राही. गेल्या महिन्याच्या मूर्तीवर या महिन्याची ठेवून बघत. घटलेली जागा हिरवी दिसे. वाढलेली जागा आधी लाल दिसायची, पण दोन बायका रडत घरी गेल्यावर ती फिकट गुलाबी करण्यात आली.

दमदारांची दुसरी मूर्ती पोटापाशी छान गुलाबी निघाली.

"तुमची प्रगती जरा लाजाळू आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. दमदारांना मात्र वाद्यांची खोली आणि तिचं कुलूप दिसू लागलं.

तिसऱ्या खेपेला चकती हलली तशी त्यांनी घाबरून श्वास रोखला आणि पोट पाठीला लावलं. दुसरा कोणी असता तर अर्ध्या फेरीत निळा पडला असता. दमदारांना पाऊण मिनिट म्हणजे किस झाड की पत्ती! मूर्ती हिरवीगार आली. डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि बाहेर रांगेत बसलेल्यांनीही कारण न विचारता वाजवल्या.

मग दर महिन्याला मूर्ती बारीक होत गेली. रिपोर्ट बँडमास्तरकडे जाई, तोही खूश. फक्त बायकोच्या गळी हे उतरेना.

"अहो, पडद्यावरचे तुम्ही वाळत चाललात म्हणे. मग घरातल्या तुम्हाला पट्टा का पुरेना झालाय?"

"अगं, यंत्र काय खोटं बोलतं का?"

"मी कुठे यंत्राबद्दल बोलतेय!"

आता बँडमास्तरच्या डोळ्यांपुढे मूर्तीसारखं दिसणं भाग होतं. दमदार तालमीलाही पोट आत ओढूनच उभे राहू लागले. कोटाची बटणं लागली, पण आवळलेल्या पोटात श्वास मावेना. सलामीतला तो सूर आधी कापरा झाला, मग मधेच तुटू लागला. बँडमास्तरने तो दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्याला देऊन टाकला. त्या संध्याकाळी दमदार जेवले नाहीत. ज्याच्यासाठी ही सगळी कसरत केली, तो सूरच हातचा गेला होता. त्यांना रडू आलं, आणि तेसुद्धा सवयीने पोट आवळूनच.

दवाखान्याच्या वर्धापनदिनाला डॉक्टरबाईंनी सभागृह घेतलं, पालिकेचा बँड बोलावला आणि चकती मंचावर आणून ठेवली. 'आदर्श पेशंट' दमदारांचं स्कॅन सगळ्यांदेखत होणार होतं. त्यांनी नाही म्हणून पाहिलं. "अहो, तुमच्याकडे बघून तर बाकीचे उपाशी राहतात!" डॉक्टरबाई म्हणाल्या. पहिल्या रांगेत बायको मांडीवर पर्स घेऊन, काय होतंय ते बघायला बसली होती.

दमदार चकतीवर चढले. पोट पाठीला गेलं. चकती फिरू लागली आणि तेवढ्यात, कार्यक्रमाला रंग यावा म्हणून, बँडने सलामी धरली. अर्धी फेरी झाली असेल नसेल, वाद्यं थांबली. आता तो सूर येणार. दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्याने वाद्य ओठांना लावलं, आणि इकडे मंचावर, जन्मभराच्या सवयीने, दमदारांनी पोटभर श्वास घेतला.

पोट सुटलं ते सुटलंच.

पडद्यावर मूर्ती आली. डावीकडून सडपातळ, उजवीकडून मूळचे दमदार. सभागृहात असा हशा उसळला की बँडवालेही वाजवायचे थांबले. बायको तर डोळे पुसत होती. डॉक्टरबाई मात्र डगमगल्या नाहीत. त्यांनी माईक उचलला. "बघा! आधी आणि नंतर, एकाच माणसात! हे फक्त आपल्याच यंत्रात दिसतं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ती मूर्ती आजही दवाखान्याच्या दारावर लावलेली आहे, आणि ती बघून नाव घालणारे कमी नाहीत.

दमदार उतरले ते थेट बँडमास्तरपुढे जाऊन उभे राहिले. "दे बाबा चाव्या," ते म्हणाले.

बँडमास्तर अजून पडद्याकडेच बघत होता. "काका, तो सूर या अर्ध्यात होता ना?" त्याने उजव्या बाजूकडे बोट दाखवलं.

"हो."

"मग तालमीला या. कोट शिंप्याकडे टाका, शिवण सोडायला सांगा."

"आणि वरच्यांना काय सांगशील?"

"त्यांना मूर्ती दाखवतो. डावीकडून."

मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, हळूच आपल्याच कोटाची खालची बटणं काढली आणि एक लांब श्वास सोडला. त्याचंही पोट पुढे आलं.

"काका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "जाताना माझाही कोट न्याल का?"