अडीच किलोची गाडी

वजन केल्याशिवाय कुठलीही वस्तू घरात येऊ नये आणि घरातून बाहेर जाऊ नये, असं ठामपणे मानणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती माझी थोरली नणंद. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. गल्लीही ताईच म्हणायची आणि नाशिक रोडच्या स्टेशनावरचे हमालसुद्धा. ती पार्सल ऑफिसात क्लार्क होती. दिवसभर द्राक्षांच्या पेट्या, सायकली, टोपल्या आणि बोचकी काट्यावर चढवून तिची नजर अशी तयार झाली होती, की ओट्यावर उभ्या असलेल्या पाहुण्याकडे पाहून ती पटकन म्हणे, "बासष्ट. चपला धरून." घरी तिने स्वतःचा एक ताणकाटा आणला होता. तो स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेला असे. त्यावर कोथिंबिरीची जुडी, दिवाळीचा फराळ, रद्दी आणि माझी नऊ महिन्यांची लेक या सगळ्यांची सारख्याच गांभीर्याने वजनं होत. लेकीला ती झोळीत घालून दूध पाजण्याआधी एकदा आणि पाजल्यानंतर एकदा टांगायची, आणि फरक मला मोठ्याने सांगायची. मला आधी राग यायचा. पुढे मीच आतून विचारू लागले, "किती भरली हो?"

पार्सल घेताना विचारायचे तीन प्रश्न तिच्या जिभेवर कायमचे बसले होते: कुठून आलं, कुठं जायचं, आत काय आहे. भाजीवाल्याला, पोस्टमनला, माझ्या दिरांच्या मित्रांना, कुणालाच ते चुकले नाहीत. तिला पाहायला सटाण्याकडचे एक शिक्षक आले होते, त्यांनाही तिने चहाचा कप हातात देत तेच विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिली. तिसऱ्याला ते बिचारे गोंधळले आणि म्हणाले, "तसं काही विशेष नाही." ताई आत येऊन सासूबाईंना म्हणाली, "ते स्वतःच सांगतायत, मग मी कशाला उघडून बघू?" त्यानंतर लग्नाचा विषय घरात निघाला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती, आणि घर तिच्याच शब्दावर चालत होतं.

आमचं घर जेल रोडच्या बाजूला होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. माणसं आठ: सासूसासरे, ताई, आम्ही दोघं, धाकटे दोन दीर आणि लेक. नळाला पाणी पहाटे पाचला यायचं आणि साडेसहाला जायचं. त्या दीड तासात पाणी भरायचं, आंघोळी उरकायच्या आणि आठ जणांचे कपडे धुवायचे. ताईची पहिली पाळी सहाची, म्हणून कपडे माझ्याकडे आले. सासूबाईंनी ते पंचवीस वर्षं धुतले होते आणि त्यांची मनगटं त्यातच गेली होती. पोळी लाटतानासुद्धा त्या मध्येच थांबून हात झटकायच्या. माझी शाळा साडेसातला भरायची. मी महापालिकेच्या शाळेत दुसरीला शिकवायचे. लेक झाली, दुपट्यांची भर पडली, आणि हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे लाल खुणा वाढायला लागल्या. मुख्याध्यापक एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं.

एका रविवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "पोर ल्हान हाय. तुझी कंबर बी धरती. दोन वरसं शाळा सोड. नोकरी काय, पुन्हा मिळंल." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना माझी दयाच येत होती. नवरा ताटाकडे बघत राहिला. सासरे म्हणाले, "तिला ठरवू द्या," आणि मला वाटलं, सगळ्यांचं ठरलेलंच आहे. दुपारी मी राजीनाम्याचा अर्ज लिहिला. अक्षर छान आलं होतं, त्याचंच जास्त रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ताईला सुट्टी होती. मी मोरीतून पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन तारेकडे निघाले, तर तिने ती माझ्या हातातून घेतली आणि काट्याला लावली. काटा आडव्या दांडीसकट कुरकुरला.

"अकरा किलो," ती म्हणाली. "रोज उचलतेस?"

"रोजच."

"आणि याच्यासाठी नोकरी सोडायची?"

मी म्हणाले, "ताई, दुसरं कोण करणार?" तशी ती बादलीच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. मग नेहमीच्या, ऑफिसातल्या आवाजात तिने सांगितलं, की मॅट्रिकनंतर तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पांढरा गणवेशही शिवून झाला होता. त्याच महिन्यात आईंना विषमज्वर झाला. "मला कोणी 'सोड' म्हणालं नाही गं. कपडे होते, मी धूत गेले. आज जाऊ, उद्या जाऊ. वर्ष गेलं." तिने काट्यावरून बादली उतरवली. "अर्ज कुठाय? आण इकडे."

मी आणला. तिने तो वाचला, एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. "माझ्या ताब्यात राहू दे. सोडवून घ्यायला कुणी आलं नाही, की माल पडून राहतो. आमच्याकडे असाच राहतो." तो अर्ज मला पुन्हा कधी दिसला नाही.

त्यानंतर तिने मशीन शोधायला सुरुवात केली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही दोनच घरांत होते, आणि कपडे धुण्याचं मशीन फक्त मासिकातल्या जाहिरातीत पाहिलेलं. प्रत्येक सुट्टीला ताई बसने नाशकातल्या शालिमारला उतरायची आणि दुकानं पालथी घालायची. दुकानदार रंग दाखवायचे, झाकण उघडून दाखवायचे. ताई विचारायची, "किती माल घेतं?" ते म्हणायचे, "अडीच किलो." ती विचारायची, "सुका की ओला?" तिथे बहुतेक दुकानदार माहितीपत्रक उलटंपालटं करू लागायचे. घरी येऊन ती आमचे कपडे एकेक करून काट्याला लावायची आणि वहीत लिहायची: सासऱ्यांचा लेंगा, नोटांच्या प्रेसमध्ये कामाला असलेल्या नवऱ्याची खाकी पँट, दिरांचे बनियन. माझा परकर काट्यावर लोंबकळत असताना पोस्टमन दारात आला, तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

शेवटी तिने एक दुकान पक्कं केलं आणि जाहीर केलं, की चाचणी घेतल्याशिवाय मशीन घ्यायचं नाही. अडीच किलो मळके कपडे मोजून बोचकं बांधलं. त्यात सासूबाईंचं नऊवारी लुगडं होतं, म्हणून सासूबाईही निघाल्या. "ते यंत्र माझं लुगडं फाडंल. म्या संगं येनार." अशा आम्ही तिघी, बोचकं आणि लेक बसने शालिमारला गेलो.

दुकानातला विक्रेता टाय लावलेला, तरुण, अतिशय सभ्य. ताईने काउंटरवर बोचकं सोडलं तसा तो दोन पावलं मागे सरकला. "बाई, इथे धुऊन दाखवत नाही. इथे पाण्याची सोय नाही."

"पाण्याशिवाय हे मशीन कसं?" ताईने विचारलं. "मग हे कपाट झालं. कपाट आहे आमच्याकडे."

विक्रेत्याने मालकांकडे पाहिलं. मालकांनी ताईकडे पाहिलं, आणि माणसांचा अंदाज त्यांनाही असावा, कारण त्यांनी शेजारच्या हॉटेलातून चार बादल्या पाणी मागवलं. रस्त्यावरची माणसं दारात जमली. कपडे पडले, साबणाची पूड पडली, कळ फिरली आणि मशीन घरघरायला लागलं. सासूबाई झाकणावरच्या काचेवर कपाळ टेकवून उभ्या. पाच मिनिटांनी आतलं काही दिसेना, कारण लुगडं सुटून सगळ्या कपड्यांभोवती दोरखंडासारखं गुंडाळलं होतं. "मेलं माझं लुगडं!" सासूबाई ओरडल्या. विक्रेत्याने घाईघाईने मशीन बंद केलं, बाह्या सरसावून हात घातला आणि टायसकट आत गेला. लुगड्याच्या वेढ्यातून कपडे सोडवायला आम्हा चौघांना दहा मिनिटं लागली. ताईने शांतपणे वहीत लिहिलं: "लुगडं एकटं जाईल."

मग पाणी सोडलं. ते काळं आलं. सासूबाईंचा चेहरा पडला. "येवढी घाण? म्या तर रोज घासून धूत व्हते." विक्रेता ओला टाय झटकू लागला. शेवटी ताईच म्हणाली, "आई, ही आमच्या प्रेसवाल्या भावाची पँट. ती तू नव्हतीस धूत, हिने धुतली." सासूबाईंना ते लगेच पटलं आणि मी राग धरायचा विचार सोडून दिला. कपडे दुसऱ्या टाकीत गेले, ती जोरात फिरली, थांबली. विक्रेत्याने लुगडं काढून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते दाबून पाहिलं, एक टोक दोन्ही हातांनी पिळायला घेतलं, आणि त्यातून थेंब पडला नाही.

"पिळायचं नाय?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं.

"नाही आजी. पिळूनच आलंय ते."

त्या आपल्या मनगटांकडे बघत राहिल्या. मग ताईला म्हणाल्या, "घे."

मशीन आलं आणि त्याच दिवशी मोरीच्या भिंतीवर ताईचं वेळापत्रक लागलं. सोमवारी खाकी, मंगळवारी पांढरे, बुधवारी दुपटी आणि चादरी, गुरुवारी लुगडं एकटं. साडेपाचला पहिली गाडी, सहाला दुसरी. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी जो कपडा टोपलीत नाही, त्याची गाडी सुटली. सासऱ्यांचा बनियन एकदा दोन मिनिटांनी चुकला, तर त्यांना तो आठवडाभर थांबवावा लागला. स्वतःच्या बापाला तिने सूट दिली नाही. नवऱ्याच्या खिशात एकदा बसची तिकिटं राहिली आणि सगळ्या पांढऱ्यांवर कागदाचा लगदा चिकटला. तेव्हापासून टोपलीजवळ एक वही आली, तीत रोज सही करायची: "खिशात काही नाही. असल्यास जबाबदारी मालकाची." माझा नवरा पुढे कितीतरी वर्षं, कपडे काढले की स्वतःचे खिसे चाचपडायचा.

जयंती जवळ आली तशी गल्लीतल्या बायका आपल्या पांढऱ्या साड्या घेऊन दारात येऊ लागल्या. ताईने कुणाला परत पाठवलं नाही. प्रत्येक बोचक्याला चिठ्ठी बांधली, वजन केलं, वेळ दिली. तीन दिवस मशीन थंड झालं नाही. शेवटच्या फेरीत धाकट्या दिराचं नवंकोरं निळं उपरणं नकळत आत गेलं आणि सात घरांच्या साड्या फिकट निळ्या निघाल्या. मला रडू कोसळलं. ताईने एक साडी उन्हात धरली, चारी बाजूंनी पाहिली आणि दारातल्या बायकांना खणखणीत आवाजात सांगितलं, "नीळ घालायचे कष्ट वाचले. सगळ्यांना सारखी बसलीय." चौदा एप्रिलला आमची अख्खी गल्ली आभाळी साड्यांत मिरवणुकीला गेली, आणि पुढच्या गल्लीतल्या बायका विचारायला आल्या, की हा रंग कुठे मिळाला.

मी त्यानंतर शाळेत वेळेवर पोहोचले. लाल खुणा थांबल्या. दुसरीवरून चौथीवर गेले.

मग ताईला बढती मिळाली आणि बदली भुसावळला झाली. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. ताईने एक पेटी, एक वळकटी नेली, ताणकाटा ठेवून गेली, म्हणाली, "तिथे ऑफिसात आहे." मी तिच्याकडे जायला दीड वर्ष लावलं. मे महिन्याच्या सुट्टीत एकटीच गेले. स्टेशनाजवळ एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत तारेवर दोन साड्या, एक टॉवेल. नीट ताणून, चिमटे लावून घातलेले. तेवढेच.

मी म्हणाले, "ताई, इथेही एक छोटं मशीन घ्या ना."

ती हसली. "एवढ्याला कसलं मशीन? मी तर पुरवून पुरवून धुते. आज एक, उद्या एक." मग म्हणाली, "प्रवासातली साडी काढून दे. तुझी टाकते त्यात."

मी नको नको म्हणत होते. पण तिने घेतलीच. सकाळी बघते तर माझी साडी तिच्या दोन साड्यांच्या मध्ये वाळत होती, आणि ताई चहाचा कप घेऊन समोर बसली होती. तिसऱ्या दिवशी मी निघाले. पिशवी भरताना साडी घ्यायला पडवीत गेले, तर ती आडवी आली.

"राहू दे," ती म्हणाली. "अजून ओली आहे. पुढच्या वेळी ने."

भुसावळचा मे महिना. डोक्यावरचा पत्रा तापून तडतडत होता, आणि साडी धुतलेली परवा. मी तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड फिरवून एक चिमटा काढला आणि परत त्याच जागी लावला.

"बरं," मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात येते न्यायला."