चाचणीपुरता मयत

एंटरचं बटण दाबायच्या आधी मी अजूनही पडद्यावरचं नाव दोनदा वाचते. वय झालं म्हणून नाही. वय झालंच आहे, ते वेगळं. भीती बसलीय ती त्या शुक्रवारपासून.

मी आठवी शिकलेली. गिरगावातून लग्न होऊन लालबागच्या या चाळीत आले. नवऱ्याची मिल बंद पडल्यावर नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागले आणि बघून बघून टायपिंग शिकले. दुकानाने जुना कॉम्प्युटर भंगारात काढला तेव्हा म्हटलं, मला द्या. पुढचं सगळं व्हिडिओ बघून. मुलगी ठाण्याला असते, सॉफ्टवेअरमध्ये, पण ती समोर बसून शिकवायला लागली की आमचं भांडण होतं. फोनवरच बरं.

आमची चाळ पाडून टॉवर व्हायचाय. बिल्डरचा माणूस सोमवारी सर्व्हेला येणार होता. बाजूच्या गल्लीत अशाच सर्व्हेत काही घरं यादीतून गळली, ती माणसं अजून चपला झिजवतायत. म्हणून आमच्या कमिटीने ठरवलं, कोणत्या खोलीत कोण राहतं याची नोंद आपली आपण ठेवायची, नुसत्या बिल्डरच्या कागदावर नाही राहायचं. मुलीने जमिनीच्या नोंदी ठेवायचा एक ओपन सोर्स प्रोग्राम शोधून दिला. म्हणजे फुकट, आणि त्याचं पोट उघडून कोणीही बघावं, हवं तर बदलावं. तो कुठेतरी परदेशात शेतांसाठी केलेला. आम्ही शेतांच्या जागी खोल्या भरल्या.

जिन्याखाली कमिटीची खोली आहे, गणपतीचे ढोल ठेवतात ती. तिथे तो कॉम्प्युटर मांडला, त्याचाच सर्व्हर केला. दहा दिवस काळ्या पडद्यावर लाल अक्षरं बघत होते. एक ओळ नीट केली की दुसरी बोंबलायची. अकराव्या दिवशी आमच्या सेक्रेटरींच्या मोबाइलवर चाळीची अख्खी यादी उघडली. सेक्रेटरी म्हणजे रिटायर कंडक्टर. म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर डबल डेकर चालवलीत!"

मग चाचणी. मुलीने बजावलेलं, "आई, खऱ्या यादीवर चाचणी करू नकोस. वेगळी कॉपी कर, त्यात खोटी नावं टाक." कॉपी मी केली. नवा पत्ता, नवं लॉगिन, वर मोठ्या अक्षरात ‘चाचणी’. खोली विकली तर काय होतं, दोन भावांत वाटली तर काय होतं, सगळं करून पाहिलं आणि लगेच परत होतं तसं केलं. शेवटी राहिलं वारसाचं. खोलीवाला मेला, तर खोली बायकोच्या नावावर चढते का? त्यासाठी कोणालातरी मयत करायला हवं.

आता सांगा, कोणाला करू? आमच्याकडे चेष्टेतसुद्धा जिवंत माणसाला मेला म्हणत नाहीत. आधी स्वतःलाच करायला गेले. विधवा बाई मी, मला कसली भीती? तरी हात पुढे जाईना. खोटी नावं टाकायला हवी होती, कबूल. पण खरं सांगते, माझ्या मनात दुसरंच होतं.

खोली नंबर एकतीस माझ्या दिराच्या नावावर. तो मिलच्या संपानंतर ‘काम बघून येतो’ म्हणून गेला तो आलाच नाही. जाऊ तेव्हा नवी नवरी. आज तिची पासष्टी उलटली, पोळीभाजी केंद्रात लाटायला जाते आणि रोज सकाळी कुंकू लावते. वकिलाने तिला मागेच सांगितलेलं, कोर्टात अर्ज कर, तो मयत ठरेल, खोली तुझ्या नावावर होईल. तर ती म्हणाली होती, "कोर्टात जाऊन कुंकू पुसून येव?" पुन्हा कोणी विषय काढला नाही. पण बिल्डरचा नियम असा, की ज्याच्या नावावर खोली तो हजर पाहिजे, नाहीतर त्याचा वारस. ती दोन्हीत बसत नव्हती. सोमवारी तिची खोली जाणार हे मला दिसत होतं, आणि मी तोंड उघडत नव्हते.

मला फक्त बघायचं होतं, तिचं नाव एकतीसपुढे कसं दिसतं. दिरापुढे ‘हयात’ होतं तिथे ‘मयत’ केलं. एंटर. नाव चढलं. किती सरळ दिसलं ते! मी दिवा लावायला घरी गेले.

वर चहा ठेवते तोच खालून सेक्रेटरींची हाक आली. "वहिनी, यादीची प्रिंट काढून बोर्डावर लावली हां! सोमवारी हीच द्यायची."

"खरीच काढलीत ना?"

"मग काय खोटी काढू?"

तरी मी गॅस बंद केला आणि माझ्या मोबाइलवर खरी यादी उघडली. एकतीस. मयत.

नंतर कळलं, कॉपी करताना सर्व्हरच्या फायलीतली एक ओळ बदलायची राहिली होती, नोंदी कुठून घ्यायच्या ती. दारं दोन केली, पण आत खोली एकच. आणि ही जावेची घरी यायची वेळ. ती वाचायला सावकाश आहे, पण नवऱ्याचं नाव तिला कुठेही ओळखू येतं. तोंडाने कधी घेत नाही, म्हणूनच बहुतेक.

दोन मजले कठड्याला धरून उतरले. प्रत्येक पायरीला म्हणत होते, अजून आली नसू दे.

ती बोर्डासमोर उभी होती. खांद्याला पिशवी, बोट कागदावर. आजूबाजूला बायका पाण्याची पिंपं भरत होत्या.

"अक्का," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझ्या घोवाक मशिनात मारलंस?"

"चाचणी होती गं. चुकून..."

"चुकून? इतकी वर्सां मी जगवलंय तेका, आणि तू चुकून मारलंस?"

तिने टाचणी काढली, कागदाची घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि कमिटीच्या खोलीकडे चालायला लागली. "चल. माका दाखव."

पडद्यावर एकतीस नंबर उघडला. ती ढोलावर बसली. तिचं स्वतःचं नाव तिने कधी कुठल्या खोलीपुढे पाहिलं नव्हतं, ते बराच वेळ बघत राहिली.

"ह्या असाच ठेवला, तर खोली माका गावतली?"

मला खोटं बोलवेना. "कोर्टाचा कागद लागेल. पण अर्ज केलास तर मिळेल."

"आणि तेका परत जितो केलंय तर?"

"तर मला माहीत नाही. जाऊपण शकते."

तिने पदराने तोंड पुसलं. खरं तर माझी इच्छा होती की तिने ‘ऱ्हवां दे’ म्हणावं.

"खयचा बटन?" तिने विचारलं.

मी ‘हयात’ निवडून दिलं. एंटर तिने दाबलं, लाटताना दाबते तसं, जोरात.

जमिनीच्या नोंदींचा प्रोग्राम तो. कोणी काय बदललं हे तो कधी पुसत नाही. एकतीस नंबरच्या खाली आजही त्या शुक्रवारच्या दोन ओळी दिसतात. मयत केलं, माझं नाव. हयात केलं, तेही माझंच, कारण लॉगिन माझं होतं.

शनिवारी मुलीने फोनवरून मला प्रोग्रामचं पोट उघडायला लावलं. हयात आणि मयतच्या खाली आम्ही तिसरा शब्द घातला, ‘ठावठिकाणा नाही’, आणि पुढे, ‘खोलीत पत्नी राहते’. या वेळी खरोखरच्या वेगळ्या कॉपीवर आधी करून पाहिलं. तीनदा. मगच एकतीसपुढे लावलं.

सोमवारी बिल्डरचा माणूस आला. जाऊ कामावर गेली नाही. नवं लुगडं नेसून, ठसठशीत कुंकू लावून एकतीसच्या उंबऱ्यात उभी राहिली. त्याने विचारलं, "मालक कुठे?" ती म्हणाली, "भायर गेलेत. मी आसंय." त्याने आमची यादी पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही, तिलाही नाही.

बिल्डरची पक्की यादी अजून लागलेली नाही. रोज सकाळी मी जिन्याखाली जाऊन सर्व्हर बघते, आधी एकतीस नंबर, मग बाकीचे. कामावर निघताना ती दारातून पडद्याकडे डोकावते, पिशवी खांद्याला.

"आसा मा?"

"आहे," मी म्हणते, आणि ती जाईपर्यंत कशालाच हात लावत नाही.