ब्लास्टिंग रूममधला तो हात

भुताखेतांचे किस्से निघाले की मी उठून जाणारी बाई. तरी आज लिहितेय... कारण राग अजून उतरलेला नाही.

मी तारनाक्याची, इंजिनिअर. कारखान्यांत ब्लास्टिंग रूम बसवणं हे माझं काम. म्हणजे लोखंडी, आतून रबर लावलेली मोठी खोली. आत एक माणूस हेल्मेट घालून पाइपातून हवेच्या जोरदार दाबानं पोलादी दाण्यांचा मारा करतो आणि गंज उडवतो. तोच मारा अंगावर आला तर कातडी सोलून निघते. म्हणून दाराला स्विच असतो — दार उघडलं की हवा बंद.

जीडिमेटला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ट्रायल चालू होती. प्लांट हेड राव यांना घाई. दार नीट लागत नसल्यामुळे मशीन सारखं थांबायचं. स्विच काढून टाका म्हणाले. मी साफ नाही म्हटलं, भांडले. त्यांनी माझ्या माघारी इलेक्ट्रिशियनकडून स्विच वगळून वायर थेट जोडून घेतली. मला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथला ब्लास्टर सलीम आत काम करत होता. मी काचेतून बघत होते. इतक्यात राव पाहुण्यांना घेऊन आले आणि कौतुकानं खोलीचं दार उघडलं.

मारा थांबलाच नाही! सलीमची दाराकडे पाठ. पाइप फिरवत तो दाराकडे वळायला लागला... मी काचेवर हात आपटले. त्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? आणि तेवढ्यात त्याचा उजवा खांदा खाली दबला. कुणी वजन टाकावं तसा. त्यानं दाबून धरलेलं हँडल सोडलं, मारा बंद.

त्याच्या मागे कुणी नव्हतं. मी बघत होते ना!

बाहेर येऊन त्यानं हेल्मेट काढलं. "मॅडम, आपीच कंधा दबाए ना?"

"मी बाहेर होते, सलीमभाई."

त्यानं खांद्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "हौ... लेडीज का हाथ नै था वो. भारी था."

राव घाम पुसत होते. संध्याकाळी त्यांनी नारळ मागवला, दारापाशी देवाचा फोटो लावायला सांगितलं. वायर? तशीच! डोकं फिरलं माझं. मी पॅनल उघडून ती वायर उपटली, हवेच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं. राव ओरडले, नोकरी घालवायची धमकी दिली. दार नीट बसून स्विच चालू होईपर्यंत मी किल्ली दिली नाही.

सलीम तिथेच काम करतो.

मी खूप विचार केला. स्नायू आखडला असेल, पाइपाला झटका बसला असेल... पण मारा चालू असताना पाइप माणसाला मागे रेटतो, खांदा खाली दाबत नाही. कोण होतं, मला माहीत नाही. एवढंच कळतं — ज्याचं काम होतं त्यानं ते केलं नाही, आणि ज्याचं नव्हतं त्याला करावं लागलं.