भिंगरीच्या नावावरचे गठ्ठे

आभाळ सकाळपासून राखेसारखं झाकोळलेलं, वारा ठप्प. धुलाईच्या कारखान्यात तर वाफेनं भिंतींनाही घाम फुटला होता. इस्पितळांच्या चादरी गरम रुळांत सारून त्यांना इस्त्री करायची, हे काम भिंगरी अकरा वर्षं करत आली होती. खरं नाव वेगळंच, पण जिच्या पायाला सदा भिंगरी, तिला दुसरं काय म्हणणार?

शेजारच्या रुळावर पहिलवान. म्हणायला पहिलवान, फुंकर मारली तर उडेल असा. काम तेच, चटके तेच. पण कागदावर तो कारागीर आणि ती मदतनीस, म्हणून त्याचा पगार तिच्या सव्वापट.

"आज तुझा निकाल म्हणे," तो म्हणाला. "जिंकलीस तर गरिबाला विसरू नकोस."

"कशी विसरेन? तुझ्या रुळात चादर अडकली की सोडवायला मीच येते ना!"

प्रत्येक गठ्ठा झाला की यंत्राला कार्ड टेकवायचं. ज्याचं कार्ड, त्याच्या नावावर गठ्ठा. त्याच आकड्यांवरून बायकांचं आणि पुरुषांचं काम ताडून पाहणारा प्रोग्रॅम मुख्य कचेरीनं आणला होता. सहा बायकांनी भिंगरीलाच पुढं केलं. त्यांच्यात सगळ्यांत चपळ तीच. तिचं काम पहिलवानाच्या बरोबरीचं निघालं, की सहाही जणी कारागीर.

अकरा वाजता वरच्या खोलीत पगार तपासणाऱ्या मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला.

"सहा महिन्यांची सरासरी आहे. शेजारच्या कारागिराचे दिवसाला साठ गठ्ठे. तुमचे चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस? मॅडम, मी बासष्टच्या खाली कधी उतरत नाही!"

"मग बाकीचे गठ्ठे गेले कुठं? सांगा, मी आत्ता दुरुस्त करते."

गठ्ठे कुठं गेले, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं.

तिची नणंदही याच कारखान्यात. थंडीत तिचं मनगट रुळावर भाजलं होतं. तेव्हापासून हात धड वळेना, पंचविसाच्या पुढं मजल जाईना. आणि चाळिसाच्या आत राहील तिला कारखाना घरी बसवत होता. म्हणून भिंगरी रोज आपले अठरा गठ्ठे नणंदेच्या कार्डावर घालायची. बायकांची जुनीच रीत ती: जिचं अंग मोडून आलं, तिला बाकीच्यांनी तोलून धरायचं. या आकड्यांचा कधी पुरावा होईल, हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता खरं बोलावं, तर दुसरीचं कार्ड टेकवल्याबद्दल दोघींनाही दार मोकळं.

मॅडमच्या शेजारी बसलेले कारखान्याचे साहेब खुर्चीत रेलले. "मी म्हणत होतो ना, मॅडम? यंत्र कुणाचं सगंसोयरं नसतं."

"कुठं गेले नाहीत," भिंगरी म्हणाली. "वय झालं. हात चालत नाही पहिल्यासारखा."

मॅडमनी रकाना भरला: पगारातला फरक कामाप्रमाणे योग्य.

खाली बायका टपूनच होत्या. "काय झालं, वहिनी?" नणंदेनं विचारलं.

"नाही जमलं. चव्वेचाळीसच निघाले."

"एरवी जीभ कात्रीसारखी चालते," घड्या घालणारी फणकारली, "आणि साहेबापुढं शिवून घेतलीस होय गं? बुडवलंस सगळ्यांना!"

नणंदेनं मात्र मनात चव्वेचाळिसात अठरा मिळवले असावेत. तिचा भाजका हात हळूच पाठीमागं गेला.

"उभ्या काय राहिलात? चादरींची गाडी तुंबलीय," भिंगरी म्हणाली, आणि ओल्या ढिगातली वरची चादर ओढून झटकली, दोन्ही टोकं ताणून धरली नि रुळात सारली.