एकशेपाचचं खोंड

काल ऑफिसात एक शीट उघडली, तर लांबलचक नंबरांच्या जागी ओळीनं १.०५E+११ उमटलेलं. नाकात एकदम शेणाचा आणि रक्ताचा वास शिरला.

कॉलेजात असताना मामाबरोबर बेल्ह्याच्या बाजारात गेले होते. मामानं एका व्यापाऱ्याकडून फोनवरच खोंड ठरवलं होतं. दुसऱ्या एका माणसानंही तसंच. व्यापाऱ्यानं शीटवरून दोघांना खोंडांच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर पाठवला होता. शीटनं तो बारा आकडी नंबर रक्कम समजून आखडला होता, त्यामुळे दोघांच्या मोबाइलवर तेच १.०५, म्हणजे पहिले तीनच आकडे.

मामानं समोरच्या खोंडाचा बिल्ला धरला. “हे बघा, एकशेपाच! माझंच हाय.”

“माझ्याबी मोबाइलवर त्येच हाय! सोड, न्हाई तर डोकं फोडीन!”

आणि त्यानं काठीनं फोडलंच. मामाच्या कपाळातून रक्ताची धार लागली, तरी त्यानं बिल्ला सोडला नाही. त्या माणसानं दावं हिसकलं, तसा खोंडाचा कान टरकन फाटला.

तेव्हा मला त्या माणसाचा जीव घ्यावासा वाटला होता. आज मात्र शेजारी बांधलेलं दुसरं खोंड आठवतं. ते शांतपणे रवंथ करत होतं, आणि त्याच्याही कानातला नंबर एकशेपाचनंच सुरू होत होता.