विशेष काही नाही

चाळिशी उलटल्यावर नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला ऑटिझम असल्याचं सांगितलं, आणि माझ्या आधी बाकीच्यांनाच सगळं उमगलं. "तरीच तू गणितात एवढी हुशार!" मावशीपासून स्टाफरूमपर्यंत एकच वाक्य. थोर गणितज्ञ म्हणे असेच असतात. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात वीस वर्षं गणित शिकवते. माझ्या ओळखीचे गणितज्ञ लग्नात बँडच्या वर आवाज काढून गप्पा मारतात, एक तर भजनी मंडळात पेटी वाजवतो. माझ्यासारखे दोघंतिघं आहेत, नाही असं नाही. पण आम्ही तिथे टिकलो त्याचं कारण साधं आहे. गणिताच्या खोलीत सगळे फळ्याकडे बघतात. अर्धा तास गप्प बसलेल्या माणसाला तिथे कुणी "बरं नाही का?" म्हणून विचारत नाही.

"गणितानं तुला तारलं," हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात जातं.

आमचं घर देवळीजवळचं, भाजीपाल्याचं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाबा सांबार उपटायचे आणि जुड्या बांधणं माझ्याकडे असायचं. मी प्रत्येक जुडीत एकोणीस काड्या घालायचे. वीस नाही, अठराही नाही. बाबा वैतागायचे, "अवो माय, गिऱ्हाईक का काड्या मोजून घेते?" मग स्वतःच हसून सोडून द्यायचे.

शाळेत असं हसून सोडणारं कुणी नव्हतं. घंटा वाजली की मी कान झाकून बाकाखाली जायचे. चौथीत गुरुजींनी बाबांना बोलावलं आणि पोरीला घरीच ठेवा म्हणाले. बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. मी दोघांकडेही न बघता फळ्याकडे बघत होते. फळ्यावरच्या भागाकारात चूक होती. मी ती सांगितली. गुरुजींनी दोनदा तपासलं, आणि माझं नाव पटावर राहिलं. घरी हा किस्सा अजून कौतुकानं सांगतात. मला कौतुक वाटत नाही, संताप येतो. त्या दिवशी गुरुजींचा भागाकार बरोबर असता तर?

गेल्या वर्षी त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. माझा सत्कार करायचं ठरलं होतं. पण त्याआधी एका सहावीतल्या मुलीला बघून जा म्हणाले. "सेम तुमच्यासारखी केस आहे, मॅडम. बोलत नाही, दिवसभर एसटीच्या पाट्या म्हणत बसते. पालकांच्या तक्रारी येतात. तुमच्यासारखं गणितात काही असेल तर तसं लिहून द्या, म्हणजे संस्थेला दाखवता येईल. नाहीतर तिला घरीच ठेवा म्हणून सांगावं लागेल."

मी गेले. व्हरांड्यात मुलगी बसली होती आणि मळ्यातून तशीच आलेली तिची आई खांबाला टेकून उभी होती. आवारातल्या चिंचेखालचे मूठभर चिंचोके मी मुलीपुढे ठेवले. तीन इकडे, दोन तिकडे. किती झाले? ती म्हणाली, "वर्धा, देवळी, पुलगाव." आणखी दोनचार तऱ्हांनी विचारलं. तिनं एक चिंचोका उचलला, फरशीवर खराखरा घासला आणि माझ्या मनगटावर टेकवला. चांगलाच चटका बसला. मी हात झटकला तशी ती खदाखदा हसली. अर्धा तास आम्ही एकमेकींना चटके देत बसलो. गणित कुठेच नव्हतं.

तिची आई जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, हो म्हणून टाका नं. तुमच्या एका शब्दानं पोरीचं नाव राह्यते."

आमच्यासारख्यांना खोटं बोलता येत नाही, असंही लोक सांगतात. त्या दिवशी मला येत होतं. वाक्य अगदी ओठावर होतं. पण मग दरवर्षी या पोरीला कुणीतरी गणित विचारणार, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या तिच्यासारखीलाही. अशी मुलं गणितात हुशार असतात, या विधानाविरुद्ध एक उदाहरण मिळालं तरी गणितात ते विधान केरात जातं. इथे ते उदाहरण माझ्यासमोर चिंचोका घासत बसलं होतं.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं, "तिला गणित येत नाही."

"मग चित्रकला? गाणं? काहीतरी विशेष असेल ना?"

"विशेष काही नाही."

"मग कशाच्या आधारावर ठेवू तिला?"

"तिच्या वर्गात आणखी चाळीस जण आहेत. त्यांना कशाच्या आधारावर ठेवलंय?"

दारातून तिची आई जवळजवळ ओरडलीच, "मॅडम, हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

मी कागद ओढला आणि लिहिलं: या मुलीला गणितात गती नाही. ती याच शाळेत शिकेल. तिचं नाव काढलं तर मी सत्काराला नक्की येईन, आणि माइकवर हाच कागद वाचून दाखवीन. खाली सही केली, पदव्यांसकट. एरवी मी त्या लिहीत नाही.

निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या आणि आमदारसाहेबांची तारीख मिळाली होती. मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. मग तो घडी करून टेबलाच्या खणात ठेवला आणि शिपायाला म्हणाले, "तिला वर्गात बसव."

पायऱ्यांवर तिची आई म्हणाली, "लय राग आलता मले तुमचा." मी म्हटलं, येऊ द्या, मलाही येतो.

मुलगी आता सातवीत आहे. पाट्या अजून म्हणते, बेरीज अजून येत नाही. पटावर तिचं नाव आहे, काहीही विशेष नसताना आहे. माझं तसं राहिलं नव्हतं.