लोणीच्या आजोबांची साक्ष

नमस्कार. या ग्रुपवर मी दोन वर्षं फक्त वाचत आले, लिहिते आहे आज पहिल्यांदा. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मीच पहिली. इथले देवाचे, चमत्कारांचे अनुभव मी मैत्रिणींना वाचून दाखवायचे आणि आम्ही हसायचो, हे आधीच सांगून टाकते. आज मला कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

आम्ही मूळचे वाशिमकडचे. बाबा इथे एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. कात्रजच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून आमची खोली होती... आता नुसतं जोतं उरलंय.

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी संध्याकाळी वर डोंगरात पाऊस कोसळला आणि ओढा वस्तीत घुसला. बाबा सेकंड शिफ्टला होते. घरात मी आणि आई. आई पिठाचा डबा फळीवर ठेवत होती तोवर पाणी कमरेला लागलं. मग मागची भिंतच गेली. माझ्या उजव्या हातात खिडकीचा गज होता, डाव्या हातात आईचं मनगट. एवढं नीट आठवतं. त्यापुढचं आठवतं ते एकदम — शेजारचे लोक मला दोरीने वर ओढतायत आणि माझा डावा हात रिकामा आहे.

आई दुसऱ्या दिवशी सापडली. बरीच खाली, पुलाच्या खांबाशी.

बाबांनी विचारलं, "कसं झालं?"

"पाण्याने ओढलं," मी म्हणाले.

पण मला आतून खात्री होती की मी हात सोडला. स्वतः जगायला सोडला. हे मी कुणाजवळ बोलले नाही. जेवण जात नव्हतं. कॉलेज सुटल्यात जमा होतं. माझी डावी करंगळी मोडली होती, तिला पट्टी होती. काहीतरी लागलं असेल, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी तेच धरलं. मीही.

वस्तीतल्या बऱ्याच जणांची सोय जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये झाली होती. आमच्या शेजारच्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बघा हां, आज खिचडी देतायत, उद्या देव बदला म्हणतील." पाळकीणबाईंनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नीने, ते ऐकलं. म्हणाल्या, "आधी खिचडी संपवा काकू, गार होतीय." देवाचं कुणी काही बोललं नाही.

रविवारी शेजारीच उपासना होती. मी गेले ते फक्त तिथे पंखा होता आणि कुणी प्रश्न विचारत नव्हतं म्हणून. मागच्या बाकावर बसले. त्यांच्यात उपासनेच्या शेवटी साक्ष देतात — देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. एका बाईंनी मुलाच्या नोकरीचं सांगितलं. एका काकांनी गुडघ्याच्या ऑपरेशनचं, बरंच लांबवून. मग एक म्हातारे आजोबा सुनेचा हात धरून उठले. ते लोणी काळभोरचे. पूरग्रस्तांसाठी भाकरी घेऊन त्याच सकाळी आले होते.

"मंगळवारी दिवेलागणीला मी प्रार्थनेला बसलो हुतो," ते म्हणाले. "डोळं मिटलं तर पानी दिसलं. गढूळ. एका पोरीनं एका बाईचा हात धरला हुता. ती बाई पोरीची बोटं उकलत हुती. पोरगी काय सोडंना. मग बाईनं तिची करंगळी मागं वाकवली... आन् म्हनली, सोड वं बाई, सोड. ही कोन हाय मला ठावं न्हाई. सांगावंसं वाटलं म्हून सांगितलं."

ते बसले. कुणालाच काही कळलं नाही. पुढचं गाणं सुरू झालं.

आई मला आमच्या वाशिमकडच्या बोलीत 'वं बाई'च म्हणायची.

मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. नंतर त्यांच्या सुनेला गाठलं. सासऱ्यांना माझ्याबद्दल कुणी काही सांगितलं होतं का?

"नाही हो ताई. त्यांना मोतीबिंदू, समोरचा माणूस धड दिसत नाही. पण मंगळवारी खरंच ते जेवले नाहीत. कुणाची तरी आई चाललीय, म्हणत होते. आम्हाला वाटलं शुगर कमी झाली. साखर खायला घातली त्यांना."

कुणीतरी सांगितलं असेल, असं मीही म्हणून पाहिलं. पण कोण सांगणार? मी कुणाला बोलले नव्हते, आणि आईने बोटं उकलली हे तर मलाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. खोटं बोलले होते तेही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याईले एक विचार. तुही आई भेली होती काय?"

पुढच्या रविवारी आजोबा येणार नव्हते, म्हणून मी बसने लोणीला गेले. आई घाबरली होती का, ते विचारलं. "पोरी, तोंड न्हाई दिसलं मला. हातच दिसलं. खोटं कशाला सांगू?"

परत येताना बसमध्ये ठरवत होते... 'शांत होती म्हणाले' असं सांगून टाकावं. बाबांना बरं वाटलं असतं. नाही सांगितलं. जे होतं तेच सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले. मग मला पाणी देत, "म्हातारा खोटं नाही बोलला, हे चांगलं केलं."

मी अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. पण प्रार्थना करते, आणि विश्वास ठेवते असं आता म्हणू शकते. वधस्तंभावरच्या प्रभूबद्दल ऐकते तेव्हा स्वतः जाऊन दुसऱ्याला वाचवल्याची ती गोष्ट मला परकी वाटत नाही. दुःख कमी झालेलं नाही. फक्त सकाळी उठायला भीती वाटत नाही. परीक्षेचा फॉर्म भरलाय.

त्या आजोबांना ते कसं दिसलं, त्यांनाच का दिसलं, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन.

बाबा चर्चमध्ये येत नाहीत. पण रविवारी नऊ वाजता मी अजून केस विंचरत असते, तोवर त्यांनी बाहेर गाडी सुरू केलेली असते.